बुडाली कंपनी, बुडवले गेले श्रमिक

२३ सप्टेंबर २०१९ रोजी, सोमवारच्या पहाटे, टॉमस कुक ही १७८ वर्षांची ब्रिटिश पर्यटन कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्या क्षणी तिचे सुमारे ६ लाख ग्राहक परमुलखात सहलीवर होते. जगभरातील २१ हजार कर्मचाऱ्यांचा रोजगार धोक्यात आला. त्यांपैकी ब्रिटनमधील ९ हजारांपुढे तर महिनाअखेरचा पगार हाती पडण्यापूर्वीच बेकारी उभी राहिली. हिंदुस्थानात याच नावाने चालणारी कंपनी २०१२ पासून मालकीने वेगळी असल्यामुळे ती वाचली. तेवढ्यावरून हा प्रश्न परक्यांचा ठरत नाही.

भांडवलशाहीच्या भाष्यकारांनी कारणांची यादी तत्परतेने दिली. युरोपातील २०१८ चा कडक उन्हाळा, ब्रेक्झिटची अनिश्चितता आणि इंटरनेटवर घरबसल्या होणारी आरक्षणे, अशी ती यादी. ही कारणे खोटी नाहीत; पण ती सर्वच पर्यटन कंपन्यांना लागू होती आणि सर्व कंपन्या काही बुडाल्या नाहीत. दुकानांचा जमाना संपला, हे म्हणणे तर पंधरवड्यातच उघडे पडले. कंपनीची ५५५ दुकाने दुसऱ्या एका ब्रिटिश पर्यटन कंपनीने त्याच ऑक्टोबरात विकत घेतली आणि जुन्या कर्मचाऱ्यांना तेथे कामावर घेण्यास सुरुवात केली. धंद्यात जीव होता. गळफास होता तो कर्जाचा.

या कर्जाचा इतिहास बोधप्रद आहे. १८४१ च्या जुलैत मद्यपानबंदीचा कार्यकर्ता असलेल्या टॉमस कुकने लेस्टर ते लफबरो अशी आगगाडीची सहल माणशी एक शिलिंग दराने काढली. प्रवास ही केवळ उमरावांची चैन राहू नये, हा त्या उपक्रमाचा अर्थ होता. १९४८ साली रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाबरोबर ही संस्था सार्वजनिक मालकीची झाली. १९७२ साली हुजूर पक्षाच्या सरकारने ती एका बँकेच्या पुढाकाराखालील खाजगी गटाला विकली. पुढे ती एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. २००७ मध्ये ‘मायट्रॅव्हल’ या दुर्बळ कंपनीशी तिचे विलीनीकरण झाले, तर २०११ मध्ये ब्रिटिश सहकारी चळवळीची पर्यटन-दुकानेही याच पसाऱ्यात सामील झाली. आकार फुगला, त्याबरोबर देणीही फुगली. अखेरीस कर्जाचा बोजा सुमारे १७० कोटी पौंडांवर गेला. केवळ व्याज भागवण्यासाठी कंपनीला वर्षाला ३० लाख सहली विकाव्या लागत, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सहामाही ताळेबंदात १५० कोटी पौंडांचा तोटा दिसला. त्यातील ११० कोटी हे २००७ च्या त्या विलीनीकरणाचे, कागदावर जपून ठेवलेले मोल पुसून टाकल्याचे होते. ऋण काढून सण साजरा करणारे संचालक मोठाली वेतने आणि बोनस घेत राहिले. पार्लमेंटच्या समितीने बोनस परत करण्याविषयी विचारले, तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडून स्पष्ट होकार मिळाला नाही.

या धंद्याचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. ग्राहक सहलीचे पैसे कित्येक महिने आधी भरतो. हॉटेलवाल्याला त्याचे बिल पाहुणे परतल्यानंतर कित्येक आठवड्यांनी मिळते. कर्मचारी महिनाभर राबल्यावर पगार घेतो. म्हणजे हे तिघेही कंपनीचे बिनव्याजी धनको असतात. व्याज घेणारे धनको मात्र तारण आणि अटी यांच्या तटबंदीत सुरक्षित राहू पाहतात. कंपनी बुडाल्यास पैसे मिळावेत, अशा पैजा लावून बसलेले सट्टेबाज फंडही या प्रकरणात होते. वाडा कोसळला की दगड कोणाच्या डोक्यावर पडतात, हे सांगावयास नको. स्पेन, ग्रीस, तुर्कस्तानातील हॉटेलांची उन्हाळ्याची बिले थकली, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आचाऱ्यांचे व सफाई कामगारांचे काम अडचणीत आले.

ब्रिटिश सरकारची वर्तणूक तर शिकवण देणारी आहे. चिनी भागधारक आणि बँका यांची ९० कोटी पौंडांची बचावयोजना सिद्ध होत होती. धनको बँकांनी आयत्या वेळी आणखी २० कोटींची तरतूद मागितली. त्यांत रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड होती, जी २००८ साली जनतेच्या पैशाने वाचली होती. कंपनीने सरकारकडे १५ कोटी पौंड मागितले, तेव्हा पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ‘नैतिक जोखमी’चा सिद्धान्त पुढे केला. त्यानंतर १ लाख ४० हजारांहून अधिक नागरिकांना विमानांनी मायदेशी आणणे, कर्मचाऱ्यांना किमान नुकसानभरपाई देणे आणि दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणे यांसाठी सरकारी तिजोरीला किमान १५ कोटी ६० लाख पौंड मोजावे लागतील, असे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२० मध्ये सांगितले. बँकेसाठी नैतिकता शिथिल होते, श्रमिकासाठी ती कडक होते.

एवढ्या रकमेने कंपनी तरली नसती, असा आक्षेप घेतला जातो. भागधारकांना ती दान द्यावी, असे कोणी समाजवादी म्हणणारही नाही. पैसा द्यायचा तर त्याबरोबर मालकीचा हिस्सा, संचालक मंडळात कामगारांचे प्रतिनिधी आणि कर्जाची फेरआखणी या अटी हव्या होत्या. जर्मनीत केंद्र सरकार आणि हेसेन राज्य यांनी याच समूहाच्या ‘कॉन्डोर’ या विमान कंपनीला ३८ कोटी युरोंचे कर्ज उपलब्ध केले आणि तिची विमाने उडत राहिली.

या पडझडीची झळ गोव्यालाही लागली. मँचेस्टर आणि गॅटविक येथून या कंपनीची भाडोत्री विमाने हिवाळी हंगामात दाबोळीला उतरत. ऑक्टोबरचा हंगाम तोंडावर असताना ती बंद झाली. ब्रिटिश पाहुण्यांच्या भरवशावर किनाऱ्यावर झोपडी-उपाहारगृह उभारणाऱ्याने, टॅक्सीचे हप्ते भरणाऱ्याने किंवा खोल्या भाड्याने देणाऱ्याने ‘मायट्रॅव्हल’चे नावही ऐकले नसेल. लंडनच्या बैठकीत झालेल्या चुकीचा हप्ता त्याला कळंगुटच्या वाळूत भरावा लागला.

ब्रिटनमध्ये निदान सहलीचे पैसे भरणाऱ्यांसाठी सक्तीचा संरक्षण निधी आहे. म्हणूनच ग्राहक घरी पोहोचले. आपल्याकडे आयुष्यभराच्या बचतीतून यात्रेचे पैसे आगाऊ भरणाऱ्या निवृत्त शिक्षकाला तसे कवच नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा मुंबईतील कर्मचारी थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर आले होते, हे विसरता येत नाही. म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. ग्राहकांची आगाऊ रक्कम स्वतंत्र, अस्पर्श खात्यात ठेवण्याची सक्ती हवी. सर्व पर्यटन व विमान कंपन्यांच्या वर्गणीतून संरक्षण निधी उभा राहिला पाहिजे. दिवाळखोरीत प्रत्येक कर्मचाऱ्याचे थकलेले वेतन बँकांच्या आधी चुकते झाले पाहिजे, आणि संचालकांचे बोनस वसूल झाले पाहिजेत.

बुडाल्यानंतर टॉमस कुकचे नाव आणि बोधचिन्ह १ कोटी १० लाख पौंडांना विकले गेले. नावाला गिऱ्हाईक मिळाले. ते नाव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून मोठे केले, त्यांना त्यातून काय मिळाले, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी विमानतळांवरील, हॉटेलांतील आणि सहल-कचेऱ्यांतील असंघटित कामगारांपर्यंत नेला पाहिजे. संघटनेवाचून त्याचे उत्तर मिळणार नाही.