विघटन झाले, पण कुठवर?

जमिनीत गेलेले सारे काही जमीन पचवते, हा आपला जुना विश्वास आहे. शेणखत आणि पालापाचोळ्याबाबत तो खराही ठरतो. परंतु यंत्रांच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन भूजलात उतरले, तर या विश्वासावर विसंबणे धोक्याचे आहे.

हा द्रावक पाण्यापेक्षा जड असल्याने खाली उतरतो, खडकाच्या भेगांत साचतो आणि तेथून वर्षानुवर्षे विरघळत राहतो. त्याचे नैसर्गिक विघटन होतच नाही, असे नव्हे. प्राणवायूविरहित पाण्यातील काही जिवाणू त्यातील क्लोरीनचे तीन अणू एकेक करून काढतात. अडचण मधल्या टप्प्यावर येते. दोन अणू निघाले की उरते ते व्हिनाइल क्लोराईड. तेही कर्करोगकारकच. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीनची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम, तर याची अवघी २ मायक्रोग्रॅम आहे. शेवटचा अणू काढण्याचे काम मुख्यत्वे डीहॅलोकोकॉइडीस या जिवाणूंचे. ते नसतील किंवा उपाशी असतील, तर विघटन तेथेच अडते. म्हणूनच ‘द्रावक घटला’ एवढेच सांगणारा अहवाल मी अर्धवट मानतो. निरुपद्रवी इथीन किती तयार झाले, तो आकडा मागावयास हवा.

हे विघटन पुढे रेटता येते. अमेरिकेतील इडाहो येथील टेस्ट एरिया नॉर्थमध्ये १९९९ पासून भूजलात सोडियम लॅक्टेट आणि पुढे चीज करताना उरणाऱ्या व्हेची भुकटी सोडून ते इथीनपर्यंत नेण्यात आले. अन्यत्र मळी आणि सोयाबीन तेलही वापरले जाते. ही सारी आपल्या घरची द्रव्ये. आणि नेमकी तीच मला भीती वाटते. मळी किंवा जीवामृत आपल्या विहिरीत ओतणे हा उपाय नव्हे. इडाहोत प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवणाऱ्या निरीक्षण विहिरी होत्या. त्यांच्याविना पाण्यातील प्राणवायू तेवढा संपेल, लोह व मँगनीज विरघळेल आणि व्हिनाइल क्लोराईड साचले तरी कळणार नाही.

औद्योगिक वसाहतींलगतच्या गावांत विस्तार कार्यकर्त्यांनी क्षार आणि नायट्रेटच्या नेहमीच्या तपासणीवर थांबू नये. तिच्यात हे द्रावक दिसतच नाहीत. नमुना काचेच्या कुपीत, हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरून, बर्फात ठेवून न्यावा लागतो. ही तपासणी महाग असते. तिचा भार विहीरमालकावर का पडावा, हा प्रश्न ग्रामसभेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे लेखी मांडावा. शंका असलेले पाणी अहवाल येईपर्यंत पिऊ नये. ते बंद स्वयंपाकघरात उकळूही नये. द्रावक पाण्यातून निघून घरातल्या हवेत जातो.