हत्ती खचला म्हणणाऱ्यांना

मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत चहा आला की आधी राजकारण, मग क्रिकेट, आणि अलीकडे संगणक, असा आमचा क्रम ठरलेला आहे. परवा एका तरुण सहकाऱ्याने कप खाली ठेवता ठेवता निकालच देऊन टाकला, "सर, मायक्रोसॉफ्टचे दिवस भरले. पोरं फोनवर वाढतात हल्ली. विंडोज विचारतो कोण?" चार माना डोलल्या. मी पडलो इतिहासाचा मास्तर. साम्राज्यांच्या ऱ्हासाची कारणे मुलांकडून पाठ करून घेण्यात माझी हयात गेली. माझी मान काही डोलेना. घंटा झाली आणि वाद अर्धवट राहिला, तो इथे पुरा करतो.

प्रतिपक्षाची बाजू आधी मांडतो, कारण ती पोकळ नाही. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी काढलेली ही कंपनी १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर स्वार झाली आणि १९९५ च्या विंडोजनंतर तर संगणक म्हणजेच ती, असे समीकरण झाले. अमेरिकेच्या सरकारने १९९८ साली तिला मक्तेदारीबद्दल न्यायालयात खेचले. २००० साली न्यायाधीशांनी तिचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला, पण दरारा ओसरला तो ओसरलाच. २००७ साली आयफोन आला आणि बाल्मरसाहेब त्याला हसले. २०१० साली ॲपल बाजारमूल्यात पुढे गेली. नोकियाचा फोन-विभाग सात अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतला आणि २०१५ साली तितकीच रक्कम बुडीत खाती टाकावी लागली. ज्या ब्राउझरसाठी एवढा खटला लढवला, तो २०२२ साली निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आणलेला नवा ब्राउझर प्रतिस्पर्धी गूगलच्या पायावर उभा आहे. एवढी साक्ष पाहिली की कोणीही म्हणेल, हत्ती खचला.

पण आता हिशेबाची वही उघडा. २००० साली कंपनीची वार्षिक उलाढाल सुमारे २३ अब्ज डॉलर होती. ज्याला लोक बाल्मरांचा पडता काळ म्हणतात, त्याच्या अखेरीस, म्हणजे २०१४ साली, ती ८६ अब्जांवर गेली. ही कसली पडझड? त्या वर्षी हैदराबादेत वाढलेले आणि मणिपालला अभियांत्रिकी शिकलेले सत्या नाडेला प्रमुख झाले. २०२५ च्या आर्थिक वर्षात उलाढाल २८१ अब्जांच्या पुढे होती. बाजारमूल्याने २०२४ च्या जानेवारीत तीन हजार अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. असा 'ऱ्हास' आमच्या शाळेच्या इमारत निधीला लाभो!

मग लोकांची चूक कुठे होते? ते गादीकडे पाहतात, कारभाराकडे पाहत नाहीत. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. छत्रपतींची गादी साताऱ्यात होती आणि कारभार पुण्यात चालत होता. साताऱ्याच्या वाड्यातली शांतता पाहून 'मराठ्यांचे राज्य संपले' असा खलिता कोणी दिल्लीला धाडला असता, तर त्याला आपण वेड्यात काढले असते. विंडोज ही या कंपनीची साताऱ्याची गादी आहे. तिचा मान आहे, वतनही चालू आहे. पण पुणे आता दुसरीकडे आहे. ते आहे दूरवरच्या प्रचंड संगणकगृहांत, जिथे जगभरच्या कंपन्या आणि सरकारे आपले दप्तर भाड्याने ठेवतात. अझूर नावाच्या या एका सेवेनेच २०२५ च्या वर्षात ७५ अब्जांहून अधिक महसूल आणला. गंमत म्हणजे ज्या लिनक्सला २००१ साली बाल्मर यांनी कर्करोगाची उपमा दिली, तेच लिनक्स आज कंपनी आपल्या यंत्रांवर चालवून त्याचे भाडे घेते.

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट आहे. एकछत्री अंमल गेला, कंपनी गेली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आयबीएमचेही असेच झाले. तिचा अंमल सरला, १९९३ साली आठ अब्जांचा तोटा झाला, तरी ती आजही उभी आहे.

आता खरा प्रश्न. हत्ती खचल्याची बातमी आपल्याला इतकी गोड का लागते? कारण ती ऐकली की आपल्याला काही करावे लागत नाही. धनी मेला तर कर्ज फिटले, असे समजणाऱ्या कुळासारखी आपली गत आहे. धनी मेला तरी वही त्याच्या मुलाकडे जाते, हे आपण विसरतो.

हे मी अनुभवाने बोलतो. आमच्या शाळेचे मराठी टंकलेखन पंधरा वर्षे एका खासगी फॉन्टमध्ये होत होते. कंपनीचे नाव घेत नाही. यंत्रे बदलली आणि एके दिवशी शिवकालाच्या प्रश्नपत्रिकेच्या जागी पडद्यावर रोमी अक्षरे आणि कंसांचा चिखल उमटला. प्रश्नपत्रिका छापील होत्या, त्या कारकुनाने पुन्हा टंकल्या. पण शाळेच्या वार्षिक अंकाचा नऊ वर्षांचा मजकूर, ज्याच्या छापील प्रती वाळवीने खाल्ल्या होत्या, तो कायमचा गेला. त्यात मुलांनी लिहिलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी होत्या. त्यातले आजी-आजोबा आता नाहीत आणि आठवणीही नाहीत. इथे कोणती बलाढ्य कंपनी बुडाली नव्हती, बुडाला होता आमचा मजकूर. कारण तो आमच्या हाती कधी नव्हताच.

न्यायाने हेही सांगतो की देवनागरीला युनिकोडची सर्वमान्य वाट मोकळी करून देण्यात विंडोज २००० चा वाटा मोठा आहे. श्रेय द्यावे, पण किल्ल्या देऊ नयेत.

"सर, हे बोलायला ठीक, जमत नाही," असे उत्तर येईल. म्युनिक शहराने २००३ साली विंडोज सोडायचे ठरवले आणि २०१७ साली परतीचा ठराव केला, हे मला ठाऊक आहे. पण केरळकडेही पाहा. तिथल्या हजारो सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर, मल्याळममधून शिकत आहेत. त्यांनी हत्ती मरायची वाट पाहिली नाही.

आपल्या घरांत दोन भाषा नांदतात. एका खुंटीवर सगळे वस्त्र टांगू नये, हे शहाणपण आपल्याला शिकवावे लागत नाही. तेच संगणकाला लावा. मुलाला एका कंपनीची बटणे शिकवू नका, लेखन आणि हिशेब शिकवा, म्हणजे कोणत्याही यंत्रावर त्याचे अडणार नाही. घरातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, दोन ठिकाणी ठेवा आणि जपण्याजोगा असेल तर कागदावरही उतरवा.

त्या तरुण सहकाऱ्याला माझे एवढेच सांगणे आहे. बाबा रे, हत्ती खचला की नाही ते माहूत पाहील. आपले धान्य कोणाच्या कोठारात पडले आहे, ते आपण पाहू.