शेजाऱ्याच्या वाढदिवसाला त्याच्या भाषेत बोला

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच, हा सारा मुलूख भंडाऱ्यात होता. तिथली माणसं आपल्याशी हिंदीत बोलतात, मराठी समजून घेतात, धान पिकवतात आणि थंडीत शहरोशहरी स्वेटरची दुकानं लावतात. आपण मात्र पन्नास वर्षं शेजारी राहूनही त्यांच्या भाषेतलं एक वाक्य शिकलो नाही. ते शिकायला घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि सुरुवात वाढदिवसापासून करा.

वाढदिवसापासून का, तर शुभेच्छेचं वाक्य ठरलेलं असतं. व्याकरण न येताही ते तोंडी बसतं. घरात जितकी माणसं, तितक्यांदा वर्षात ते म्हणायची संधी मिळते आणि चुकलं तरी ऐकणाऱ्याला आनंदच होतो. डेन्मार्कमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला विचारा. डॅनिश भाषा लिहितात एक आणि उच्चारतात भलतंच, त्यामुळे पुस्तकावरून ती लवकर जिभेवर येत नाही. पण तिथल्या बालवाडीत ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव घालून गाणं म्हणतात, वाद्यांचे आवाज काढत तेच गाणं परत म्हणतात, टेबलावर लाल-पांढरा झेंडा उभा करतात. ‘आज’, ‘वाढदिवस’, ‘केक’ हे शब्द पोरांना तिथेच पाठ होतात. आपल्याला तर इतक्या लांब जायचंही कारण नाही. बस पकडली की गोठणगाव.

तिबेटी शुभेच्छा आधी कानाने शिका. सगळीकडे ‘ताशी देलेक’ असं लिहिलेलं दिसतं, पण जीभ टाळूला लावून ‘टाशी’ म्हणा आणि शेवटचा ‘क’ जवळजवळ गिळून टाका. मंगल असो, कल्याण असो, असा त्याचा भाव. लहान पोराचा किंवा बरोबरीच्या मित्राचा वाढदिवस असेल तर ‘क्येकर टाशी देले’. वडीलधाऱ्यांसाठी आणि लामांसाठी जन्मदिवसाचा शब्दच बदलतो, तिथे ‘ठुंगकर’ म्हणायचं. आपण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ सांभाळतो, ते तर नामसुद्धा सांभाळतात. नावापुढे ‘ला’ जोडलं की आपल्या ‘जी’सारखा मान दिला जातो. म्हणून वडिलांना ‘पाला’, आईला ‘आमाला’. कुणी काही दिलं तर ‘थुक्जेचे’ म्हणा, म्हणजे आभार.

मराठी माणसाला ही भाषा जड जायचं कारण नाही. तिची लिपी भारतीय लिपीवरूनच घेतली, सातव्या शतकात थोन्मी संभोटाने ती घडवली असं तिबेटी परंपरा सांगते. मुळाक्षरंही क, ख, ग, ङ अशीच सुरू होतात. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, हे आपल्या जिभेला जन्मापासून ठाऊक आहे. तिबेटीतही हे दोन्ही च आहेत, आणि त्यांना वेगवेगळी अक्षरं आहेत.

नाव विचारलंत तर आणखी एक गंमत कळेल. आपल्याकडे सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधराम. त्यांच्यातही वारावरून नावं ठेवतात. रविवारचा ञिमा, सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंगमार, मग ल्हाक्पा, फुर्बू, पासांग आणि शनिवारचा पेम्बा. अशी सात नावं पाठ झाली की आठवड्याचे वार आलेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जुन्या वळणाचे तिबेटी म्हातारे स्वतःचा वाढदिवस करत नाहीत. त्यांच्या हिशेबाने लोसारला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या त्यांच्या नववर्षाला, सगळ्यांचंच वय एकदम एका वर्षाने वाढतं. अशा आजोबांना तारीख विचारत बसू नका. लोसारला जाऊन ‘लोसार टाशी देले’ म्हणा.

सगळी वस्ती मिळून जो वाढदिवस करते तो ६ जुलैचा, दलाई लामांचा. १९३५ साली त्या दिवशी त्यांचा जन्म झाला. आपल्याकडे तेव्हा रोवणीची धांदल असते हे मी जाणतो. तरी घरातल्या एकाने तरी वेळ काढावा. प्रार्थना होतात, गाणी होतात, हातात हात घालून गोल नाच होतो. जायच्या आधी वस्तीतल्या ओळखीच्या माणसाला विचारून घ्या. पांढरी खाता, म्हणजे तो रेशमी पट्टा, द्यायची असेल तर दोन्ही तळहातांवर धरून किंचित वाकून द्या. मोठी माणसं ती परत तुमच्याच गळ्यात घालतील. तो आशीर्वाद आहे, नाकारलं असं समजू नका. गाण्याचे शब्द पहिल्या खेपेला कळणार नाहीत. धृपद तेवढं पकडा, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला त्याचा अर्थ विचारा.

शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. परिपाठात आपण रोज ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव घेतो, टाळ्या वाजवतो. तालुक्यात तिबेटी आहेत, बंगाली गावं आहेत, गोंडी आणि पोवारी बोलणारी घरं तर जिल्हाभर आहेत. ज्या मुलाचा वाढदिवस असेल त्याच्या घरची भाषा त्यालाच पुढे येऊन शिकवू द्या. एक वाक्य तो सांगेल, वर्ग तीनदा म्हणेल, दोन मिनिटंही लागणार नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात ते वाक्य देवनागरीत लिहून आठवडाभर पुसू नका. घरचं वाक्य मुलालाच येत नसेल, तर त्याला ते आजीला विचारून यायला सांगा आणि त्याचा वाढदिवस दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात घ्या.