आगाऊ जमा झालेले गुण

फ्रॅमिंगहॅम हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एक शहर. १९४८ साली तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ झाला. पुढे त्यांच्या मुला-नातवंडांचीही भर पडली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचे हृदयविकाराशी असलेले नाते जगापुढे आले, ते मोठ्या प्रमाणात याच नोंदींमुळे. परंतु हृदयाविषयी माहिती असणे वेगळे आणि सकाळी पायांत बूट चढवून बाहेर पडणे वेगळे.

म्हणूनच याच अभ्यासातील ९४ कुटुंबांच्या २०० प्रौढ व्यक्तींवर झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रथम प्रत्येकाची रोजची पावले मोजली गेली व त्यावरून त्याचे वाढीव लक्ष्य ठरले. लक्ष्य गाठले की नाही, हे सर्वांनाच रोज कळवले जाई. सुमारे निम्म्या व्यक्तींच्या कुटुंबांना मात्र त्याखेरीज एक खेळ दिला गेला. आठवड्याच्या आरंभी कुटुंबाच्या खात्यावर ७० गुण आगाऊ जमा होत. रोज एका सदस्याचे नाव चिठ्ठी काढल्याप्रमाणे निघे. त्याने आदल्या दिवशी लक्ष्य गाठले असेल तर गुण कायम. नसेल तर १० वजा. आठवड्याअखेरच्या शिलकीवर कुटुंबाची श्रेणी चढे वा उतरे.

सारी खुबी ‘आगाऊ’ या शब्दात आहे. मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख मनाला अधिक बोचते, हे कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले. बँकेच्या खिडकीमागे ज्याने दिवस काढले, त्याला हे नवे वाटणार नाही. व्याजाची जमा कोणी दोनदा वाचत नाही. पाच रुपयांची कपात मात्र पासबुक घेऊन विचारली जाते.

दुसरी खुबी चिठ्ठीची. आज कोणाचे नाव निघेल हे ठाऊक नसल्याने कोणालाच सुट्टी घेता येत नाही. आजोबा आरामखुर्चीत बसून राहिले तर गुण साऱ्या घराचे जातात, आणि मग ‘बाबा, येता का एक फेरी मारायला?’ या प्रश्नात उपदेशाचा वास राहत नाही. हृदयविकाराच्या भयाने दिलेला उपदेश घरोघरी किती वाया जातो, हे सांगायला नकोच.

बारा आठवड्यांत खेळणाऱ्यांनी ५३ टक्के दिवस लक्ष्य गाठले, इतरांनी ३२ टक्के. खेळणाऱ्यांची रोजची सरासरी १,६६१ पावलांनी वाढली, इतरांची ६३६ पावलांनी. खेळ थांबल्यावर अंतर कमी झाले, पण पुढील बारा आठवडे टिकून राहिले.

२०२४ साली हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या १,०६२ व्यक्तींवरील वर्षभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. काहींना खेळ, काहींना आगाऊ जमा होऊन रोज कापली जाणारी रक्कम, तर काहींना दोन्ही दिले होते. केवळ लक्ष्य आणि पावलांची नोंद मिळालेल्यांपेक्षा खेळणारे रोज ५३८ पावले, रक्कम मिळालेले ४९२ आणि दोन्ही मिळालेले ८६८ पावले अधिक चालले. गुणांना बाजारात कवडीची किंमत नाही, तरी एकट्या खेळाने पैशाइतके काम केले, हे हिशेबी माणसानेही मान्य करावे. मात्र सारे थांबवल्यावर सहा महिन्यांनी ठळक वाढ टिकली ती दोन्ही मिळालेल्यांचीच. दोन्ही प्रयोगांत मोजली गेली ती पावले. टळलेले झटके नव्हेत.

घरी यासाठी एक वही आणि नावांच्या चिठ्ठ्या पुरतात. पावले मोबाईल मोजतो. दहा हजारांचा हट्ट नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. आधी आठवडाभर काही न बदलता पावले मोजावीत आणि आपल्याच सरासरीवर हजारभर चढवावीत. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, किंवा चालताना छातीत दडपण येणाऱ्यांनी, आपला आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. वहीत आजोबांचे २,५०० आणि नातवाचे ९,००० शेजारी-शेजारी लिहिले तरी दोघांच्या चिठ्ठीला १० गुणच. चिठ्ठी काढण्याचे काम घरातील सर्वांत लहान हातांकडे द्यावे, आणि वही देव्हाऱ्याशेजारी नव्हे तर चपलांच्या कपाटावर ठेवावी.