फीत कापून झाली असेल, तर आता मुलांच्या पायांकडे बघा

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य, तसेच जळगाव व धुळे जिल्ह्यांतील क्रीडा संकुल समित्यांचे मान्यवर सदस्य यांस,



टेनिस शिकणाऱ्या मुलांच्या पायांबद्दल आपल्याला लिहितो आहे. विषय किरकोळ वाटला, तरी पत्र पूर्ण वाचावे ही विनंती. हातात कितीही देखणा फोरहँड असला आणि मूल चेंडूपर्यंत वेळेवर पोचलेच नाही, तर त्या फोरहँडचा काय उपयोग, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुले उभारण्याचे धोरण शासनाने 2003 मध्ये आणले. 2012 मध्ये राज्याचे क्रीडा धोरण आले. 2022 मध्ये तालुका संकुलासाठीच्या निधीची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी रुपये झाली. म्हणजे पैशाची भाषा आपल्याला येते. मग जळगावच्या 15 आणि धुळ्याच्या 4 अशा 19 तालुक्यांत मुलांकडून पायांचा व्यायाम शास्त्रशुद्ध करून घेणारे प्रशिक्षक किती, हा आकडा आपण आजवर जाहीर का केला नाही? विहीर खणून द्यायची आणि मोटार बसवायची नाही, याला आमच्याकडे शेतकरी काम झाले असे म्हणत नाही.

एकेरीचे कोर्ट 27 फूट रुंद असते. त्यावर खेळाडू सलग पळत नाही. तीन-चार पावले झेपावतो, थांबतो, वळतो, पुन्हा मधे येतो. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागते त्याच क्षणी घेतलेली छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप, त्याला कुठल्याही बाजूला निघायला मोकळे ठेवते. ही सवय लहानपणीच लागावी लागते. आणि बहुतेक मैदानांवर मुलांना काय सांगितले जाते? ‘पाच चकरा मारा.’ दहा सेकंद जीव तोडून पळणे आणि वीस-तीस सेकंद श्वास घेणे ही टेनिसची लय, चकरा मारून कशी येणार?

या सरावाला लागते तरी काय? चुन्याची रेघ, दोरी, थोडे शंकू आणि जुने चेंडू. पाच ठिकाणी ठेवलेले पाच चेंडू एकेक करून बेसलाइनच्या मध्यावर आणायचे, वेळ नोंदवायची. जमिनीवर षट्कोन आखून दोन्ही पायांनी आत-बाहेर उड्या मारायच्या. आडवी पावले, लंजेस, एका पायावर तोल, टाचा उचलणे, दोरीवरच्या उड्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सुरुवातीला स्वतःच्या शरीराचे वजन पुरते. ज्या उठाबशा शाळेत शिक्षा म्हणून काढायला लावतात, त्याच नीट शिकवल्या तर मांड्या भक्कम होतात. आणि झटक्यात दिशा बदलण्याचे शिक्षण तर आपल्या खो-खोत आहेच. खांबाला हात लावून गर्रकन वळणाऱ्या मुलीला टेनिसचे निम्मे पायकाम आधीच येत असते. खो-खोचे आणि टेनिसचे शिक्षक एका मैदानावर आणायला कोणत्या निविदेची गरज आहे? की ज्याची फीत कापता येत नाही, ते आपल्या यादीत बसतच नाही?

हा प्रश्न हार-जितीपुरता नाही. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात गुडघ्याखालचे हाड दुखू लागते. सिमेंटवर वाट्टेल तशा उड्या मारायला लावल्या की ते दुखणे वाढते. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या अस्थिबंधाची इजा होण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि उडीनंतर गुडघा आत न वळवता उतरायला शिकवले की तो कमी होतो. हे शिकवायचे कोणी? शाळांतल्या कायम क्रीडाशिक्षकांच्या जागी 2015 मध्ये अतिथी निदेशकांची वाट शासनानेच दाखवली. आज तासापुरत्या येणाऱ्या माणसाकडून आपण कोणत्या घडणीची अपेक्षा धरता?

आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. सराव व्हायचा तर सूर्य वर येण्याआधी किंवा दिवेलागणीनंतर. तेव्हा प्रत्येक संकुलाचे कुलूप पहाटे किती वाजता उघडते, संध्याकाळी दिवे लागतात का, पिण्याचे पाणी आणि मुलींना कपडे बदलायला बंद खोली आहे का, याची तपासणी कोणी आणि कधी केली?

पुण्याच्या बालेवाडीत 2018 ते 2023 या काळात एटीपी दर्जाची स्पर्धा भरत होती, तिच्या पाठीशी राज्य शासन उभे होते. ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर 2023 मध्ये आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा अभिनंदनाला आपण मागे राहिला नाहीत. पुण्याच्या वाट्याचे आम्हाला नको. पण प्रत्येक गुणी मुलाच्या बापाने बिऱ्हाड पुण्याला हलवावे, हेच जर शासनाचे धोरण असेल, तर तसे लेखी द्यावे.

आमच्या मागण्या तीनच आहेत. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक संकुलातील प्रशिक्षकाची पात्रता आणि हजेरीची वेळ दारावर लावा. क्रीडाशिक्षकांसाठी दरवर्षी पायांची ताकद आणि चपळता यांवर प्रत्यक्ष मैदानात प्रशिक्षण घ्या. आणि मुलांच्या चाचण्या दर तीन महिन्यांनी घेऊन निकाल पालकांच्या हाती द्या. यातले काय करणार, कधी करणार आणि त्याला जबाबदार अधिकारी कोण, याचे उत्तर सही आणि हुद्द्यासह लेखी हवे आहे. तोंडी आश्वासने आम्ही 2003 पासून ऐकत आहोत.

आपला,
खानदेशातील एक पालक