चाकांवरचे बिऱ्हाड आणि गावाची तिजोरी

मोटारीतच बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि आडोशाची मोरी बसवून घ्यावी, मुक्कामाचे गाव आधी ठरवू नये, आणि संध्याकाळ होईल तेथे तळ्याकाठी वा समुद्राच्या वाळूलगत गाडी उभी करून रात्र काढावी, या प्रवासप्रकाराने पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत चांगलेच मूळ धरले आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, या प्रवाशांचे चाकांवर असते, एवढाच फरक. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ‘कॅरॅव्हॅन पर्यटना’चे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी केरळनेही तशाच योजनेची घोषणा केली. तेव्हा ही कल्पना आता आपल्यालाही परकी राहिलेली नाही. अशा वेळी या प्रवाशांची पंढरी मानल्या गेलेल्या न्यूझीलंडमध्ये गेल्या दीड दशकात काय घडले, हे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. निसर्गरम्य स्थळांची वर्णने पर्यटन खात्यांच्या पुस्तिकांत भरपूर मिळतात, पण त्या रम्यतेचा जमाखर्च कोणाच्या वहीत लिहिला जातो याचा उलगडा तेथे होत नाही.

आधी तो रस्ता पाहू. दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च शहरातून निघालेली गाडी कॅन्टरबरीची सपाट शेते मागे टाकून मॅकेन्झीच्या पठारावर चढते आणि सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर टेकापो सरोवर समोर येते. हिमनद्यांनी खडक घासून केलेले पीठ या पाण्यात तरंगत असते. त्यामुळे त्याचा निळा रंग दुधाळ, काहीसा अविश्वसनीय वाटावा असा दिसतो. काठावर १९३५ साली बांधलेले दगडी चर्च आहे. पुढे पुकाकी सरोवर लागते आणि त्याच्या माथ्याशी ३,७२४ मीटर उंचीचे आओराकी अथवा माउंट कुक हे शिखर. माओरींच्या नाय ताहू शाखेला हा पर्वत पूर्वजस्थानी आहे. याच टापूला २०१२ साली ‘काळोखी आकाशा’चे संरक्षित क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. रात्री आकाशगंगा पाहण्यासाठी लोक येथे मुद्दाम मुक्काम करतात. त्यापुढे लिंडिस खिंड, क्वीन्सटाउन, टे आनाऊ आणि शेवटी होमर बोगद्यातून उतरून मिलफर्ड साउंडची खाडी. हा बोगदा जागतिक मंदीच्या काळात, १९३५ साली, बेकारांना काम द्यावे म्हणून कुदळ-फावड्यांनी खणायला सुरुवात झाली आणि १९५४ साली तो वाहतुकीस खुला झाला. दुष्काळी कामांवर खडी फोडून झालेले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या इतिहासाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. आज त्याच बोगद्यातून पर्यटकांची रीघ लागते. २०१९ साली मिलफर्डला आठ लाखांहून अधिक माणसे आली.

या संपूर्ण वाटेवर कुठेही फुकट मुक्काम करण्याची मुभा हा न्यूझीलंडमधील जुना लोकाचार. नद्या-सरोवरांच्या काठची भूमापनातील एका साखळीएवढी, म्हणजे ६६ फूट रुंदीची, पट्टी सर्वांची, अशी तेथील जनमानसाची समजूत आहे. प्रत्यक्षात ती पट्टी सर्वत्र अस्तित्वात नाही, पण समजुतीचे बळ कायद्याहून कमी नसते. २०११ साली रग्बीच्या विश्वचषकासाठी परदेशी प्रेक्षक येणार आणि निवासाची सोय अपुरी पडणार हे दिसू लागले, तेव्हा घाईने ‘मुक्त मुक्काम’ कायदा करण्यात आला. त्याचा रोख उदार होता. सार्वजनिक जमिनीवर मुक्काम करण्यास मोकळीक हा नियम, आणि निर्बंध हा अपवाद. स्थानिक परिषदांना विशिष्ट जागी उपविधीने बंदी घालता येई, नियम मोडणाऱ्यास २०० डॉलर दंड करता येई, परंतु आपल्या सबंध हद्दीत मुक्कामाला मज्जाव करता येत नसे.

पुढील आठ वर्षांत परदेशी प्रवाशांची संख्या वाढत जाऊन २०१९ पर्यंत वर्षाला सुमारे ३९ लाखांवर पोहोचली. देशाची लोकसंख्याच तेव्हा मुळी पन्नास लाखांच्या आसपास होती. अर्थात हे सर्व पाहुणे गाडीत झोपणारे नव्हते, गाडीवाले त्यांतील थोडेच. पण गवतावरचे कागद, झुडपांमागची घाण आणि तळ्याच्या पाण्यात धुतलेली भांडी यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागली आणि ‘फुकटे पाहुणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. या शब्दाशी प्रस्तुत लेखकाचे मतभेद आहेत. गाडीतून हिंडणारा प्रवासी दिवसाला कमी खर्च करतो हे खरे, पण तो आठवड्याऐवजी महिना-दोन महिने राहतो आणि हॉटेलात उतरणारा जेथे कधी पोहोचत नाही अशा आडगावीही जातो. देशाच्या दृष्टीने त्याचा एकूण खर्च क्षुल्लक ठरत नाही. अडचण आहे ती खर्चाच्या वाटणीत. गाडीचे भाडे शहरातील कंपनीला मिळते, शिधा शहरातील मोठ्या दुकानात भरला जातो, आणि या सगळ्यावरचा १५ टक्के वस्तू व सेवा कर वेलिंग्टनच्या तिजोरीत जातो. टेकापोला मिळते ते मैलापाणी. मॅकेन्झी जिल्ह्याची वस्ती सुमारे पाच हजार. त्याच्या परिषदेचे मुख्य उत्पन्न म्हणजे स्थानिक रहिवाशांच्या घरा-जमिनींवरील पट्टी. आयकरात वा विक्रीवरील करात तिला वाटा नाही. शौचालये, मैला रिकामा करण्याची केंद्रे, कचऱ्याच्या गाड्या आणि पहारेकरी यांचा खर्च मात्र तिचाच. सामाजिक परिव्यय आणि खाजगी परिव्यय यांतील तफावत पिगूने १९२० साली विशद केली. विद्यार्थ्यांना ती समजावून देताना धुराड्याचे जुने उदाहरण देण्याऐवजी टेकापोचा किनारा दाखवावा, इतके हे प्रकरण स्वच्छ आहे.

न्यूझीलंडच्या संसदेने यावर काय केले? २०२३ साली तिने कायदा दुरुस्त केला. परिषदांच्या जागेत मुक्काम करायचा तर, अन्यथा परवानगी नसल्यास, वाहन ‘स्वयंपूर्ण’ असलेच पाहिजे, म्हणजे तीन दिवसांचे पाणी आणि सांडपाणी साठवण्याची सोय त्यात हवी. शिवाय शौचालय गाडीत पक्के बसवलेले हवे आणि बिछाना पसरलेला असतानाही ते वापरता आले पाहिजे. पूर्वी बिछान्याखाली सरकवून ठेवलेली डबेवजा पेटी दाखवून प्रमाणपत्र मिळे, आणि ती पेटी बहुधा कोरीच राही. दंडही ४०० डॉलरपासून पुढे वाढवण्यात आला. ज्याला घरच नाही म्हणून जो गाडीत झोपतो, त्याला या कायद्यातून वगळण्याची दक्षता संसदेने घेतली, ही गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे.

दुरुस्तीमुळे झुडपांमागची घाण कमी होईल यात शंका नाही. परंतु तिचा भार कोणावर पडतो? लाखाची गाडी घेणाऱ्याला हजाराचे शौचालय जड नाही. जुनी व्हॅन विकत घेऊन तिच्यात लाकडी फळी ठोकणारा विद्यार्थी आणि निवृत्तिवेतनावर देश पाहू इच्छिणारा कारकून यांना मात्र ते जड आहे. आणि परिषदेच्या तिजोरीत या शौचालयामुळे एक डॉलरही वाढत नाही. पाहुण्याचा मैला तीन दिवस उशिरा येतो, एवढेच. तो रिकामा करण्याचे केंद्र गावानेच बांधायचे आहे.

पैशाचा प्रश्न अगदीच दुर्लक्षिला गेला असे नाही. २०१७ साली पर्यटनस्थळी सोयी उभारण्यासाठी वर्षाला अडीच कोटी डॉलरचा निधी स्थापन झाला. २०१९ च्या जुलैपासून बहुतेक परदेशी प्रवाशांवर माणशी ३५ डॉलरचा आकार बसवला गेला, तो २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० डॉलर झाला. पण ही रक्कम जमा होते राजधानीत, गावाने तिच्यासाठी अर्ज करायचा. शौचालयाची इमारत अनुदानातून एकदा उभी राहते, ते रोज धुणाऱ्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, हा अनुभव आपल्या कोणत्याही सरपंचाला विचारावा. क्वीन्सटाउनच्या नागरिकांनी २०१९ साली सार्वमतात पाहुण्यांवर स्थानिक आकार बसवण्याच्या बाजूने ८१ टक्के मते दिली, पण ते सार्वमत बंधनकारक नव्हते, आणि असा आकार बसवण्याचा अधिकार त्यांच्या परिषदेला नव्हता. तिने मुक्कामावर निर्बंध घालणारा उपविधी केला, तर मोटारबिऱ्हाडवाल्यांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. ज्या गावाला कर बसवता येत नाही ते मनाई करू लागते आणि मनाई न्यायालयात टिकत नाही, असा हा पेच आहे.

आता आपल्याकडे वळू. गाडीत बिऱ्हाड घालून हिंडणे आपल्याला ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. आषाढीच्या वारीत दिंडीच्या मालमोटारीत तंबू, पातेली, सरपण आणि शिधा घेऊन मुक्काम-दरमुक्काम जाणारा समाज आपलाच आहे. त्या पाहुणचाराचा बोजा वाटेवरच्या गावांना एकट्याने पेलत नाही हे जाणून शासन पालखीमार्गावरील ग्रामपंचायतींना अनुदान देते आणि फिरती शौचालये पुरवते. म्हणजे तरत्या लोकसंख्येचा खर्च यजमान गावावर टाकू नये, हे तत्त्व आपण एका ठिकाणी मान्य केलेले आहे. कोकण किनाऱ्यावर ते अजून पोहोचायचे आहे.

गोव्यातील अनुभव अधिक बोलका आहे. तेथील पर्यटन खात्याने २०२२ च्या ऑक्टोबरात उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या प्रवाशांना पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड करण्याचा आदेश काढला. रोख होता बस वा टेम्पो भाड्याने घेऊन, गॅसची शेगडी आणि तांदळाचे पोते बरोबर आणून रस्त्याकडेला चूल मांडणाऱ्या सामान्य माणसांवर. २०२४ साली कळंगुटच्या पंचायतीने हॉटेलात आरक्षण नसलेल्या प्रवाशांकडून प्रवेशकर घेण्याचा ठराव केला. गावाची तक्रार रास्त आहे, किनाऱ्यावरचा कचरा खोटा नाही. तरीही एक विसंगती डोळ्यांत खुपते. वातानुकूलित कॅरॅव्हॅनमध्ये शिजवलेला भात पर्यटनधोरणात बसतो आणि टेम्पोच्या सावलीत शिजवलेला भात गुन्हा ठरतो. मैला आणि कचरा दोघांचाही सारखाच. फरक ऐपतीचा आहे.

महाराष्ट्राच्या धोरणात कॅरॅव्हॅनसाठी तळ उभारणाऱ्या आणि वाहने चालवणाऱ्या उद्योजकांना सवलती देण्यावर भर आहे. त्याला तत्त्वतः विरोध नाही. पण दिवेआगर, गुहागर, तारकर्ली यांसारख्या गावी एप्रिल-मेमध्ये विहिरींची अवस्था काय असते हे कोकणी माणसाला सांगायला नको. समजा, अशा एखाद्या गावी वीस गाड्या उतरल्या, गाडीत चार माणसे आणि माणशी पन्नास लिटर पाणी धरले, तर रोजचे चार हजार लिटर झाले. बारा हजार लिटरचा एक टँकर तीन दिवसांत संपला. टँकरचे पैसे कोणी द्यायचे? गाडीचे भाडे मुंबई-पुण्यात भरले गेले, त्यावरील कर राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत गेला. ग्रामपंचायतीकडे उरते ती घरपट्टी आणि पाणीपट्टी, तीही गावकऱ्यांचीच.

तेव्हा तळ खाजगी मालकीचा असो वा सरकारी, प्रत्येक रात्रीमागे ठरावीक रक्कम थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा झाली पाहिजे, आणि ती पाणी व मैला यांवरच खर्च होण्याची अट हवी. त्याचबरोबर गावाच्या मालकीचा एक साधा तळ हवा. नळ, चार संडास, चुलीसाठी फरसबंद जागा आणि माफक आकार यांपलीकडे तेथे काही नको. तेथे कॅरॅव्हॅन उभी राहील तशी टेम्पोतून आलेली चाळीस माणसेही उतरू शकतील. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कामे चालू आहेत. रस्ता पूर्ण झाल्यावर गाड्या येतीलच, त्या थांबवण्याचे कारण नाही. त्या येण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावात मे महिन्यात किती पाणी असते आणि त्यातले किती पाहुण्यांना देता येईल, याचा हिशेब मांडून तो जिल्हा परिषदेपुढे ठेवावा.