विलीनीकरण नावांचे झाले, पगारांचे नाही

दोन विमान कंपन्या एकत्र आणण्यास मंत्रिमंडळाचा एक ठराव पुरतो. दोन वेतनश्रेण्या आणि दोन ज्येष्ठता याद्या एक करण्यास मात्र राजकीय धैर्य लागते. प्रफुल्ल पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री असताना २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, तेव्हा नेमके हेच धैर्य कमी पडले. एकच बोधचिन्ह आले, परंतु पगाराची दोन बिऱ्हाडे कायम राहिली.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. प्रोत्साहन भत्त्यातील कपातीविरुद्ध सप्टेंबर २००९ मध्ये वैमानिकांनी काम थांबवले. मे २०१० मध्ये अभियंते आणि जमिनीवरील कर्मचारी संपावर गेले, तेव्हा व्यवस्थापनाने त्यांच्या संघटनांची मान्यता काढून अनेकांना बडतर्फ केले. समान वेतनासाठी २०११ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. त्यानंतर न्या. धर्माधिकारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१२ च्या प्रारंभी आला. परंतु त्याच वर्षी ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण कोणाला, या वादावरून पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर राहिले. अखेर दिल्ली उच्च न्यायालयात माघारीचा मार्ग निघाला.

वैमानिकांच्या संपाची बातमी पहिल्या पानावर येते, देखभाल तंत्रज्ञांची येत नाही. वैमानिकाविना विमान त्याच क्षणी अडते. तंत्रज्ञाच्या असंतोषाचा परिणाम उशिरा जाणवतो. जुलै २०२२ मध्ये इंडिगोच्या तंत्रज्ञांनी अपुऱ्या वेतनाविरुद्ध सामूहिक आजारपणाची रजा घेतली, तेव्हा कुठे हा वर्ग चर्चेत आला.

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. मालक बदलला, तिढा तोच राहिला. विस्ताराच्या विलीनीकरणाच्या तयारीत वैमानिकांच्या हमी वेतनाचे तास दरमहा ७० वरून ४० वर आणले गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये उड्डाणे रद्द होऊ लागली. विमान उभे राहिले तर तोटा कोणी सोसायचा, कंपनीने की वैमानिकाने, हाच खरा प्रश्न होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजाही संपाच्या व्याख्येत आणली. परंतु कायद्याने संपाची वाट अरुंद होते, असंतोष संपत नाही. तो राजीनाम्यांतून बाहेर पडतो. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे इंडिगोचे वेळापत्रक कोसळले आणि मनुष्यबळाची काटकसर किती महाग पडते, हे देशाने पाहिले. वेतन आणि ज्येष्ठतेचा करार आधी व विलीनीकरण नंतर, हा क्रम सरकारी मालकीत पाळला गेला नाही. खासगी मालकीतही तो उलटाच राहिला, तर किंमत पुन्हा प्रवाशालाच मोजावी लागेल.